ओएसपीएफ सतत फ्लॅप होतंय? टायमरला हात लावण्याआधी हे बघा

ओएसपीएफ हा राउटरांनी एकमेकांना रस्ते (रूट) सांगायचा प्रोटोकॉल. ते फ्लॅप व्हायला लागलं, म्हणजे शेजारच्या राउटरशी (नेबरशी) जोडणी पुन्हा पुन्हा तुटून जुळायला लागली, की नवीन मुलं थेट टायमरवर जातात. डेड इंटरव्हल, म्हणजे नेबर किती वेळ गप्प राहिला की मेला धरायचा तो वेळ, ४० सेकंदांचा १२० करतात. नेबर तुटल्याचे लॉग कमी होतात, पण लिंक खरोखर मेली तरी राउटरला ते आता दोन मिनिटांनी कळतं, आणि तोवर सगळा ट्रॅफिक त्या मेलेल्या लिंकवर जाऊन वाया जातो. तक्रार तीच राहते, फक्त लॉगमधून गायब होते.

ओएसपीएफ सहसा खोटं बोलत नाही. नेबर गेला असं ते म्हणतं तेव्हा खाली कुठेतरी ‘मी आहे’ सांगणारं हॅलो पॅकेट खरंच पोचलेलं नसतं. ते का पोचलं नाही हे शोधायचं असतं, आणि त्या शोधाला एक क्रम आहे.

उदाहरणासाठी एक नेटवर्क धरू. कोल्हापुरात शाहूपुरीत मेन राउटर. तिथून शिरोली, उचगाव, गोकुळ शिरगाव अशी फायबरची रिंग. पन्हाळ्याला केर्ली-वाघबीळमार्गे एक फायबर आणि जोडीला ५ गिगाहर्ट्झची रेडिओ लिंक. बहुतेक राउटर मायक्रोटिक कंपनीचे, मधे एखादा सिस्कोचा, सगळे ओएसपीएफच्या एकाच एरियात (गटात). आता शाहूपुरी-पन्हाळा नेबर दिवसातून अनेकदा तुटतोय.

पहिलं काम: गिऱ्हाईकाचं नेट सावरा

दुसरा रस्ता उपलब्ध असेल तर फ्लॅप होणारी लिंक बंद करू नका, तिची कॉस्ट (रस्ता निवडायचा आकडा, कमी तो पसंत) वाढवा. दुसऱ्या रस्त्याची एकूण कॉस्ट कमी भरेल इतकी वाढवा, आणि दोन्ही टोकांना वाढवा. ओएसपीएफमध्ये कॉस्ट ही इंटरफेसमधून बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकची असते. एकाच टोकाला बदललीत तर जाणारा ट्रॅफिक नव्या वाटेने आणि येणारा जुन्याच वाटेने, म्हणजे निम्मं दुखणं तसंच राहिलं.

इंटरफेस डिसेबल केला की पुरावाही गेला. कॉस्ट वाढवली तर ट्रॅफिक हटतो, पण नेबर राहतो आणि बिघाड डोळ्यासमोर घडत राहतो. ट्रॅफिक हटवल्याबरोबर फ्लॅप थांबलं, तर लिंक भरल्यामुळे तुटत होती हा फार मोठा धागा हाती आला. तो लगेच लिहून ठेवा.

घड्याळ आणि लॉग

दोन टोकांच्या राउटरची घड्याळं जुळत नसतील तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. प्रत्येक राउटरवर एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) लावा आणि टाइमझोन भारताचा ठेवा. बऱ्याच छोट्या मायक्रोटिक बोर्डांवर घड्याळासाठी बॅटरी नसते, त्यामुळे लाईट जाऊन आली की तारीख चुकते. मेमरीतला लॉगही रीबूटबरोबर पुसला जातो. म्हणून एका जागी सिसलॉग सर्व्हर उभा करा आणि सगळ्या राउटरचे लॉग तिकडे पाठवा. जुना डेस्कटॉपसुद्धा चालतो, फक्त तो इन्व्हर्टरवर असू दे.

कुठला आजार आहे ते ठरवा

‘ओएसपीएफ फ्लॅप होतंय’ या एका वाक्याखाली तीन वेगळी दुखणी येतात. नेबर कधी ‘फुल’ होतच नाही, म्हणजे त्याच्याशी माहितीची देवाणघेवाण पूर्ण होतच नाही, हे एक. नेबर फुल होतो आणि तुटतो, हे दुसरं. तिसऱ्यात नेबर तासन् तास फुल दिसतो, पण रूट येतात आणि जातात. तुमचं दुखणं यातलं कुठलं ते नेबर टेबल बघून पक्कं करा, कारण तिन्हींची वाट वेगळी आहे.

पहिल्याबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण ते कॉन्फिगरेशनचं काम आहे. हॅलो आणि डेड इंटरव्हल दोन्हीकडे सारखे हवेत (ब्रॉडकास्ट आणि पॉइंट-टू-पॉइंट या नेटवर्कच्या प्रकारांवर सहसा १० आणि ४० सेकंद). एरिया नंबर, एरियाचा प्रकार, ऑथेंटिकेशनची की, ब्रॉडकास्ट नेटवर्कवर सबनेट मास्क, हे सगळं जुळायला हवं. फायरवॉलच्या इनपुट चेनमध्ये आयपी प्रोटोकॉल ८९ उघडा हवा. ओएसपीएफ टीसीपीवरही चालत नाही आणि यूडीपीवरही नाही. यातलं काही चुकलं तर नेबर बनतच नाही. महिनाभर नीट चालून काल रात्रीपासून तुटणाऱ्या नेबरसाठी, कुणी काही बदललं नसेल तर, ही यादी तपासण्यात वेळ घालवू नका.

एक अपवाद ध्यानात ठेवा. एका टोकाला नेटवर्क टाइप ब्रॉडकास्ट आणि दुसऱ्या टोकाला पॉइंट-टू-पॉइंट असेल तर दोन्हीकडचे टायमर सारखेच असल्याने नेबर फुल होतो, पण त्या लिंकवरून शिकलेले रूट टेबलमध्ये येत नाहीत. दोनच राउटरमधली लिंक असेल तर दोन्हीकडे पॉइंट-टू-पॉइंट ठेवा. डीआर-बीडीआरची (मुख्य आणि राखीव राउटरची) निवडणूकही वाचते.

फुल होऊन तुटतो, तेव्हा कारण लॉगमध्येच असतं

सिस्कोवर नेबर पडल्याच्या ओळीच्या शेवटी कारण छापलेलं असतं. ती शेवटची दोन-तीन शब्दांची शेपटीच सगळ्यात मोलाची, आणि नवीन माणूस नेमकी तीच वाचत नाही. मायक्रोटिकवर लॉगिंगमध्ये ओएसपीएफ हा विषय चालू केला तर अशीच माहिती मिळते.

‘इंटरफेस डाउन’ असेल तर ओएसपीएफ सोडा आणि केबल बघा. एसएफपीवर (फायबर जोडायच्या मॉड्यूलवर) येणारा प्रकाश किती डीबीएम आहे ते वाचा आणि लिंक बसवली तेव्हाच्या नोंदीशी ताडून बघा. ३ डीबी कमी म्हणजे प्रकाश निम्मा झाला. नोंदच नसेल तर आजपासून ठेवायला लागा. खांबावरून गेलेली फायबर असेल तर आपल्याकडे गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्यांकडे लक्ष ठेवा. लोंबणारी केबल वाढ्यांत अडकते, ओढली जाते, पण प्रत्येक वेळी तुटतेच असं नाही. कुठेतरी वाकडी होते किंवा स्प्लाइसवर (जोडावर) ताण येतो, आणि वारा सुटला की प्रकाश कमी-जास्त होत राहतो. पूर्ण तुटलेली फायबर सापडायला सोपी, असली अर्धवट दुखावलेली अवघड.

‘टू मेनी रिट्रान्समिशन्स’ असेल तर छोटी पॅकेट पोचतायत आणि मोठी पोचत नाहीत, हा संशय आधी घ्या. हॅलो छोटं असतं, डेटाबेसचे अपडेट मोठे असतात. नेबर ‘एक्स-स्टार्ट’ किंवा ‘एक्सचेंज’ या अर्धवट अवस्थेत अडकून परत खाली येत असेल तरी मुद्दा तोच, एमटीयूचा, म्हणजे लिंकवरून जाऊ शकणाऱ्या सगळ्यात मोठ्या पॅकेटच्या आकाराचा. दोन्ही राउटरवर १५०० लिहिलंय म्हणून मधल्या रेडिओतून किंवा टनेलमधून १५०० जातंच असं नाही. पीपीपीओईमध्ये (गिऱ्हाईक युजरनेम-पासवर्डने जोडायची पद्धत) १४९२ उरतात, साध्या जीआरई टनेलमध्ये १४७६. तपासणी सोपी आहे: राउटरवरून समोरच्याला १५०० आकाराचा, फ्रॅगमेंट न करता पिंग मारा. जात नसेल तर आकार कमी करत या आणि कुठे जायला लागतो ते बघा. ओएसपीएफमध्ये एमटीयू दुर्लक्षित करायची सोय असते, ती मी वापरू नका म्हणेन. तिने राउटरची तक्रार बंद होते, मोठं पॅकेट मात्र अडतच राहतं. पुढे नेटवर्क वाढून डेटाबेस मोठा झाला की तेच दुखणं पुन्हा वर येतं.

राहिलं ‘डेड टायमर एक्स्पायर्ड’. रेडिओ लिंकवर सगळ्यात जास्त भेटणारं कारण हेच, म्हणून इथे जरा थांबू.

डेड टायमर संपतो म्हणजे नेमकं काय होतं

हॅलो दर १० सेकंदांनी. ४० सेकंदांत एकही आला नाही तर नेबर मेला. म्हणजे ढोबळमानाने सलग चार हॅलो हरवावे लागतात. आता हिशेब करा. लिंकवर विखुरलेला १ टक्का पॅकेट लॉस असेल तर सलग चार हरवण्याची शक्यता दहा कोटींत एक. दिवसाला ८,६४० हॅलो धरले तर असा योग तीसेक वर्षांत एकदा येईल. १० टक्के लॉसलासुद्धा एका दिशेने दिवसाकाठी जेमतेम एकदा.

म्हणून ‘थोडा लॉस आहे, त्यामुळे ओएसपीएफ तुटतं’ हे उत्तर स्वीकारू नका. दिवसातून दहा-वीस वेळा नेबर पडतोय याचा अर्थ एक तर लॉस भयंकर आहे, किंवा लिंक मधे-मधे सलग अर्ध्या-पाऊण मिनिटासाठी पूर्ण बंद होतेय, किंवा बाकी सगळं जातंय आणि फक्त हॅलो अडतोय. या तिन्हींत फरक करायचा तर दोन्ही टोकांना एकाच वेळी पॅकेट पकडा. मायक्रोटिकवर स्निफर आहे, फिल्टर प्रोटोकॉल ८९. समजा असं दिसलं:

शाहूपुरीतून निघाले: ९:४२:१०, ९:४२:२०, ९:४२:३०, ९:४२:४०, ९:४२:५०
पन्हाळ्याला पोचले: ९:४२:१०, त्यानंतर काही नाही
पन्हाळ्याहून निघाले: ९:४२:१४, ९:४२:२४, ९:४२:३४, ९:४२:४४
शाहूपुरीला पोचले: चारही

म्हणजे दोन्ही राउटर जिवंत आहेत, वर जाणारी दिशा बंद आहे, खाली येणारी चालू आहे. हीच गोष्ट नेबर टेबलमधूनही कळते. एखाद्या राउटरवर समोरचा ‘इनिट’ दिसतो तेव्हा त्याचा हॅलो आपल्याला मिळतोय, पण त्या हॅलोत आपलं नाव नाही. आपलं बोलणं त्याच्यापर्यंत जात नाही. दोष आपल्याकडून त्याच्याकडे जाणाऱ्या दिशेत. टॉवरवर माणूस चढवण्याआधी ही दिशा पक्की करा, एक चढण वाचते.

मग वेळ बघा. रोज रात्री आठ ते अकराच्या मधेच तुटत असेल तर लिंक भरतेय. रेडिओची खरी क्षमता १८० मेगाबिट असताना राउटर त्याच्यात ३०० ढकलत असेल तर जादाचं पॅकेट रेडिओच्या रांगेत सांडतं, आणि रेडिओला हॅलो आणि व्हिडिओ यांतला फरक कळेलच असं नाही. उपाय राउटरवर करा: रेडिओच्या क्षमतेच्या थोडं खाली शेपिंग (वेगाची मर्यादा) लावा आणि प्रोटोकॉल ८९ ला वरची प्रायॉरिटी द्या. रांग तुमच्या राउटरवर उभी राहिली तरच आधी कुणाला सोडायचं हे तुम्ही ठरवू शकता.

पावसात तुटत असेल तर आधी कुठला बँड ते बघा. ६० गिगाहर्ट्झची लिंक जोरदार पावसात खरोखर पडते, तिथे पावसाला दोष देणं बरोबर आहे. ५ गिगाहर्ट्झवर पावसाच्या थेंबांचा परिणाम अगदी थोडा. ती पावसात पडत असेल तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय, केबलचं वरचं कव्हर फाटलंय, किंवा वाऱ्याने पोल फिरतोय. केबलला ड्रिप लूप (पाणी खाली गळावं म्हणून सोडलेला झोल) आहे का बघा, नाहीतर पाणी केबलवरून ओघळत थेट पोर्टात उतरतं.

आणि झाडं. ५.८ गिगाहर्ट्झच्या १० किलोमीटर लिंकला मध्यावर फ्रेस्नेल झोनची (सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणाऱ्या जागेची) त्रिज्या सुमारे ११ मीटर असते, आणि त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा लागतो. म्हणजे समोरचा टॉवर डोळ्यांना दिसला तरी काम भागत नाही. मे महिन्यात अलाइन केलेली लिंक सप्टेंबरात कमजोर झाली तर दुर्बीण घेऊन मधली झाडं बघा. पन्हाळ्याच्या टोकाला उंचीचा फायदा मिळतो, पण शहराकडचं टोक कमी उंचीच्या इमारतीवर असेल तर अडथळा सहसा तिथेच, पहिल्या एक-दोन किलोमीटरांत सापडतो.

तिसरी शक्यता, फक्त हॅलो अडणं. नेबरला साधा पिंग एकही न चुकता जातो, पण हॅलो नाही. ओएसपीएफचे हॅलो २२४.०.०.५ या मल्टिकास्ट (एकदम अनेकांना जाणाऱ्या) पत्त्यावर जातात. मधल्या स्विचवर मल्टिकास्टसाठी स्टॉर्म कंट्रोल (अशा पॅकेटवरची मर्यादा) लावलेला असेल, किंवा रेडिओ मल्टिकास्ट नीट पुढे देत नसेल, तर पिंग बरोबर आणि ओएसपीएफ मेलेलं असं चित्र दिसतं. स्टॉर्म कंट्रोल तपासा. तेवढ्याने भागलं नाही तर लिंक एनबीएमए टाइपवर नेऊन नेबरचा पत्ता हाताने लिहा, म्हणजे हॅलो थेट त्या पत्त्यावर जातील. या टाइपला टायमर वेगळे असू शकतात, ते दोन्हीकडे जुळवा.

नेबर फुल, तरी रूट नाचतायत

याकडे सगळ्यात उशिरा लक्ष जातं, कारण नेबर टेबल हिरवंगार दिसतं. इथे एलएसए (राउटरने बाकीच्यांना वाटलेली माहितीची नोंद) डेटाबेस उघडायचा आणि वयाचा कॉलम बघायचा. शांत नेटवर्कमध्ये एलएसएचं वय शून्यापासून १८०० सेकंदांपर्यंत वाढत जातं, मग तो ताजा होतो. त्यामुळे सगळी वयं विखुरलेली दिसतात: ३१२, १४०५, ९८८. त्यात एखाद्याचं वय कायम ३, ७, १ असं दिसत असेल आणि सिक्वेन्स नंबर भराभर वाढत असेल, तर तोच गुन्हेगार. तो कुठल्या राउटरने काढलाय तेही शेजारीच लिहिलेलं असतं.

तो राउटरचा स्वतःचा एलएसए असेल तर राउटर आयडी दोन ठिकाणी तोच आहे का बघा. नवा राउटर बसवताना जुन्याचा बॅकअप उचलून टाकला की हे घडतं. आयपी बदलले जातात, राउटर आयडी तोच राहतो. मग उचगावचा राउटर आणि गोकुळ शिरगावचा राउटर एकाच नावाने वेगवेगळी माहिती वाटत सुटतात. एकाचा एलएसए आला की दुसरा तो खोडून आपला काढतो, आणि सगळ्या नेटवर्कमधले राउटर पुन्हा पुन्हा एसपीएफ (सगळे रस्ते नव्याने काढायचा हिशेब) चालवत बसतात. प्रत्येक राउटरला लूपबॅक (कुठल्याही पोर्टला न बांधलेला) पत्ता द्या, तोच आयडी म्हणून हाताने लिहा आणि त्याची यादी एका वहीत ठेवा.

बाहेरून आणलेल्या रूटचे एलएसए नाचत असतील तर गिऱ्हाइकांच्या पीपीपीओई सेशनकडे बघा. पीपीपीओई देणाऱ्या राउटरवर ‘रीडिस्ट्रिब्यूट कनेक्टेड’ चालू असलं की प्रत्येक सेशनचा /३२ (एकाच पत्त्याचा) रूट ओएसपीएफमध्ये जातो. एक गिऱ्हाईक जोडला गेला, एक एलएसए. तुटला, तो मागे घ्यायला आणखी एक. एरवी हे खपून जातं. पण भागातली डीपी उडाली की शेकडो सेशन एकदम पडतात आणि लाईट आली की सगळे एकदम डायल करतात. तेवढे एलएसए पार पन्हाळ्यापर्यंत प्रत्येक राउटरला घ्यावे, साठवावे आणि पुढे द्यावे लागतात. छोट्या बोर्डाचा सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो, त्यात त्याचे स्वतःचे हॅलो उशिरा निघतात, आणि मग ज्या लिंकला काहीही झालेलं नाही तीही तुटते. उचगावची लाईट गेल्यावर शिरोलीचा नेबर का पडला याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

यावरचा उपाय नीटनेटका आहे. प्रत्येक पीपीपीओई राउटरला त्याचा स्वतंत्र पूल द्या, समजा १००.६४.८.०/२२. त्या राउटरवर या /२२ चा एक ब्लॅकहोल (ट्रॅफिक टाकून देणारा) स्टॅटिक रूट टाका आणि ओएसपीएफमध्ये फक्त तोच द्या. /३२ फिल्टरने अडवा. गिऱ्हाईक चालू असेल तर त्याचा /३२ त्या राउटरवर असतोच आणि अधिक नेमका म्हणून तोच वापरला जातो. बाकी नेटवर्कला मात्र १,०२४ पत्त्यांसाठी एकच रूट दिसतो, आणि तो लाईट गेली तरी हलत नाही. एकच पूल दोन राउटरवर वाटलेला असेल तर आधी पूल वेगळे करा, नाहीतर ट्रॅफिक भलत्याच राउटरवर जाऊन ब्लॅकहोलमध्ये पडेल. ज्यांचे स्थिर पत्ते आहेत त्यांच्यासाठीही वेगळा पूल ठेवा.

टनेल वापरत असाल तर अजून एक तपासा: टनेलच्या पलीकडच्या टोकाचा पत्ता खुद्द टनेलमधूनच शिकला जात नाही ना. तसं झालं तर टनेल वर येतो, स्वतःचाच रस्ता स्वतःतून दाखवतो, पडतो, पुन्हा वर येतो, आणि हे घड्याळाच्या ठोक्यासारखं नियमित चालतं. त्या पत्त्यासाठी बाहेरच्या लिंकवरून स्टॅटिक रूट टाकला की थांबतं.

रिंग खरंच रिंग आहे का

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली. अशा वेळी शिरोलीच्या दोन्ही फायबर एकाच पुलावरून जात असतील तर नकाशावरची रिंग कामाला येत नाही. शहराकडून शिरोलीला जायचं तर नदी ओलांडावीच लागते, म्हणून दोन वाटा कुठल्या पुलांवरून जातात हे जूनच्या आधी स्वतः जाऊन बघा. पुरवठादाराच्या कागदावर विसंबू नका. दोन्ही एकाच पुलावर निघाल्या तर एक बाजू रेडिओची करा, आणि त्या रेडिओच्या खालचे बॅटरी-इन्व्हर्टर तळमजल्यावर ठेवू नका.

आता टायमर

इथवर आल्यावर, आणि खालचा बिघाड सापडून दुरुस्त झाल्यावरच, टायमरचा विचार करा. रेडिओ ब्रिज मोडमध्ये असेल तर हवेतली लिंक तुटली तरी राउटर आणि रेडिओमधला इथरनेट पोर्ट चालूच राहतो, आणि राउटरला डेड टायमर संपेपर्यंत काही कळत नाही. ही ४० सेकंदं कमी करायची असतील तर हॅलो-डेड कमी करत बसण्यापेक्षा बीएफडी (लिंक जिवंत आहे का ते झटपट तपासणारा प्रोटोकॉल) लावा. फायबरवर ३०० मिलिसेकंद आणि तीनचा गुणक (सलग इतके संदेश हुकले की लिंक मेली) ही बरी सुरुवात. रेडिओवर १ सेकंद आणि तीन ते पाचचा गुणक ठेवा, नाहीतर रेडिओने मॉड्युलेशन बदलण्याच्या क्षणीसुद्धा नेबर तुटेल. बीएफडी दोन्ही टोकांना हवं. आणि चांगला पर्यायी रस्ता नसेल तर लावूच नका. लवकर कळून जायचं कुठे?

कॉस्ट परत खाली आणताना

दुरुस्ती झाली की लगेच ट्रॅफिक परत आणू नका. नेबरचा अपटाइम वाढू द्या. तक्रार संध्याकाळची होती तर एक पूर्ण संध्याकाळ जाऊ द्या, पावसाची होती तर एक चांगली सर पडू द्या. ट्रॅफिक हटवल्यावर फ्लॅप थांबलं होतं, तर रिकाम्या लिंकवरचा अपटाइम काही सिद्ध करत नाही. बँडविड्थ टेस्टने लिंक मुद्दाम भरा आणि हॅलो पोचतायत का बघा. मग पहाटे, ट्रॅफिक कमी असताना, दोन्ही टोकांची कॉस्ट मूळ आकड्यावर आणा. ट्रेसरूट दोन्ही बाजूंनी काढून जाणारी आणि येणारी वाट एकच आहे याची खात्री करा, आणि वहीत तारीख, कारण, बदललेला भाग आणि आजचा सिग्नल किंवा डीबीएमचा आकडा लिहा.